कापसाची खोली

माझं घर पहिल्यांदा उभं राहिलं ते चुन्याच्या फक्कीचं. सौंसरच्या कडेला, जिथं आधी संत्र्याचा बगीचा होता आणि आता प्लॉट पडलेत, तिथं दिवाळीनंतरच्या एका सकाळी मिस्त्रीनं दोरी ताणली, बाबांनी मुठीतून फक्की सोडली, आणि तासाभरात सपरी म्हणजे पुढची पडवी, बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी असं सगळं जमिनीवर पांढरं उमटलं. भिंती नव्हत्या, छत नव्हतं, पण घर होतं. मी त्यात शिरले आणि मला कितीतरी वेळ बाहेर यावंसंच वाटेना.

पाया खोदण्याआधी अशी आखणी सगळेच करतात. पण ती घटकाभराची असते, नारळ फुटला की लगेच कुदळ पडते. बाबांचं तसं नव्हतं. आखलेल्या घरात आठ दिवस तरी वावरून बघायचं, कुठं ऊन टोचतं, कुठून वारा येतो ते अंगाला कळू द्यायचं आणि मगच खोदायचं, असा त्यांचा हट्ट. त्यामुळे आम्ही बापलेक आठ दिवस त्या भिंती नसलेल्या घरात राहिलो. म्हणजे मी शाळा सुटल्यावर यायची आणि ते मोहगावच्या पुढच्या आमच्या गावाहून सकाळच्या बसनं येऊन दिवसभर बसायचे. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. सकाळी त्या बैठकीत असायच्या, दुपारी सपरीत, आणि संध्याकाळी मी पोचेपर्यंत बाबांनी त्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलेल्या असायच्या, कारण तिथं त्या वेळी एका झाडाची सावली येते हे त्यांना कळून चुकलं होतं.

एकदा मिस्त्री सरळ फक्कीची रेघ ओलांडून आत आला. बाबा म्हणाले, "भिंतीतून काहून येऊन राहिला? दरवाजा हाये ना तिकडं."

मिस्त्री बिचारा मागं फिरला आणि दारातून आला. दुसऱ्या दिवसापासून मीही चपला रेघेच्या बाहेर काढायला लागले. मी भूगोल शिकवते. आयुष्यभर पोरांकडून नकाशे काढून घेतले, पण नकाशाच्या आत खुर्ची टाकून बसायची ही पहिलीच वेळ होती. बैठकीच्या मधोमध संत्र्याच्या एका जुन्या झाडाचा बुंधा होता. बगीच्याच्या मालकानं बोअरमागून बोअर खोदले, पाणी खालीच जात राहिलं, शेवटी झाडं तोडून त्यानं प्लॉट पाडले. कोपऱ्यातलं एक झाड तेवढं राहिलं होतं. मी डोळे मिटून बसले की मला त्या सगळ्या बगीच्यात फुललेल्या आंबिया बहाराचा वास येई आणि वाटे, हे घर असंच राहिलं तर काय वाईट आहे.

पण ते तसं राहून चालणार नव्हतं. मला घाई होती, आणि ती बाबांसाठी होती.

आमचं गावातलं घर स्लॅबचं. मी लहान असताना ते मातीचं आणि कवेलूच्या छपराचं होतं. ते पाडून बाबांनी विटांचं बांधलं आणि त्यावर स्लॅब टाकला, तेव्हा गावातला तो दुसरा की तिसरा स्लॅब असेल. आम्ही त्या स्लॅबवर मिरच्या वाळवल्या, पापड वाळवले, रात्री ओळीनं अंथरुणं टाकून चांदण्या मोजल्या. ते सुख खोटं नव्हतं. पण उन्हाळे बदलले. आता मे महिन्यात तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खाली सोडतो. वीज गेली की कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आई गेली, भाऊ पुण्यात नोकरीला लागला तो तिकडचाच झाला, आणि बाबा त्या घरात एकटे उरले. आदल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं. घराबाहेर नाही, घरात, बाजेवर पडल्या पडल्या. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. सलाईन लावलेला त्यांचा हात मी धरून बसले होते, तेव्हा मनाशी पक्कं केलं की यांना त्या घरात फार उन्हाळे काढू द्यायचे नाहीत.

अडचण एकच होती. बाबा माझ्या घरी राहत नाहीत.

मी लग्न केलं नाही. नोकरीची बरीच वर्षं, सौंसरला बदली होईपर्यंत, पांढुर्ण्यात गेली, जाम नदीच्या काठाशी दोन खोल्या भाड्यानं घेऊन. समोर सावरगाव दिसायचं. त्या खोलीला नदीकडं एक मोठी खिडकी होती आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, दोन्ही काठांवरून दगडफेक होते त्या जत्रेला, घरमालक तिला बाहेरून फळ्या ठोकून जायचा. तेवढा एक दिवस सोडला तर फार सुखाची जागा. बाबा तिथं महिन्यातून एकदा यायचे. येताना जेवणाचा डबा आणायचे आणि पाण्याची बाटली. चहा घ्यायचे, चहा म्हणजे काही जेवण नव्हे म्हणून. डबा उघडून माझ्यासमोर बसून खायचे, मी केलेल्या भाजीकडं बघून "छान वास येऊन राहिला" म्हणायचे आणि शेवटच्या बसनं परत जायचे. लेकीच्या घरचं खायचं नाही आणि मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. ती लग्न झालेल्या लेकींची आहे, मला कुठलं सासर होतं? पण बाबांना तो फरक पटत नव्हता. मुलगा असताना बाप लेकीकडं राहायला गेला, असं गावानं म्हटलेलं त्यांना सहन झालं नसतं. मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग कमी आणि वाईट जास्त वाटायचं.

म्हणून मी नकाशातच डाव टाकला होता. नकाशा काढणारी इंजिनिअर छिंदवाड्याची, माझी विद्यार्थिनी शोभेल एवढीच. तिनं मला किती बेडरूम हव्यात हे विचारलंच नाही. म्हातारपणी तुम्ही या घरात कशा वावराल, वीज नसली तर कुठं बसाल, बोअर आटला तर काय कराल, हे विचारलं. मग तिच्या नकाशात उंबरठे गेले, न्हाणीचं दार रुंद झालं, पश्चिमेची भिंत जवळपास आंधळी झाली, स्लॅबवर पांढरा लेप आला आणि छताचं पाणी थेट एका खड्ड्यात उतरलं. आणि पूर्वेला, खिडकीशी, बाबांची खोली आली, स्वतंत्र न्हाणी असलेली.

त्या आठ दिवसांतल्या चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती खोली पुसलेली होती. पायानं फक्की विस्कटली होती आणि तिच्या जागी बैठक पूर्वेकडं सरकली होती. उत्तरेला, घराच्या पाठीशी, एक नवी चौकोनी खोली आखलेली होती. तिला दार एक, खिडकी नाही, आणि भिंतीच्या दोन रेघांमध्ये हातभर अंतर.

"बाबा, तुमची खोली काहून पुसली?"

"मी कुठी इथं राहून राहिलो?"

"मंग ही कोणाची?"

"ही कापसाची."

मला हसावं की रडावं कळेना. आमचं शेत बाबांनी केव्हाच ठेक्यानं देऊन टाकलं होतं. ठेक्याचा माणूस कापूस वेचला की परस्पर व्यापाऱ्याच्या गाडीत भरतो. आमच्या घरात कापसाचं बोंड येऊन जमाना झाला. आणि मास्तरणीच्या सौंसरातल्या घरात कापसाची खोली?

"बाबा, आपल्याजवळ कापूस हाये का?"

"घर एका सालासाठी बांधून राहिली का तू?" ते म्हणाले. "खोली पायजे."

आम्ही भांडलो. भिंती नसल्यामुळे शेजारच्या प्लॉटवरच्या मजुरांनी ते सगळं ऐकलं. मी नाही नाही ते बोलले. तुम्हाला माझ्या घरात यायचंच नाही, तर त्यात खोल्या कशाला आखता, असंही बोलले.  बाबा फक्कीच्या दारातून नीट बाहेर पडले आणि बस गाठायला चालू लागले. त्या संध्याकाळी मी कितीतरी वेळ त्या चौकोनात उभी होते. उत्तरेचा गार वारा येत होता आणि मला, तिथं काहीही नसताना, कापसाचा वास आला.

जुन्या मातीच्या घरात ती खोली होती. दोन हात जाडीच्या भिंती, वर छपराखाली दोन झरोके, एक दार. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की गाठोडी यायची, खोलीत रिकामी व्हायची, आणि बघता बघता कापूस माझ्या डोक्याच्या वर जायचा. शिडी लावून मी वर चढायची आणि उडी टाकायची. आत शिरलं की आवाज बंद. आई अंगणातून हाका मारायची त्या कुठल्या तरी लांबच्या गावातून आल्यासारख्या वाटायच्या. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी यायची, तिच्यात तंतू तरंगत राहायचे, आणि मी बघत बघत झोपून जायची. उठल्यावर अंगभर खाज. आई रागावून खोबरेल चोळायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर. त्या खोलीत दिवा न्यायची बंदी होती, काडेपेटी तर दाराजवळसुद्धा नाही. कापूस विकेपर्यंत कोणीतरी राखणीला दाराशी झोपायचंच.

आमच्याकडं राखणीला माझे आजोबा असायचे, आईचे वडील. एरवी ते आमच्या घरी आले तर ओट्यावर बसून बोलून जायचे, तहान लागली तर शेजाऱ्यांकडं पाणी मागायचे. पण वेचणी झाली की बाबा त्यांना निरोप धाडायचे, कापूस घरात पडला आहे, राखायला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा वळकटी घेऊन हजर. राखणदाराला भाकर घालणं घरधन्याचं काम, त्यामुळे ते दोन महिने आईच्या हातची भाकर खायचे, वरण पुन्हा मागून घ्यायचे. मी विचारायची, "आजोबा, चोर येते का?" ते म्हणायचे, "येते ना. म्हणून तं मी हाये." एका वर्षी सगळ्या गावाचा कापूस विकून झाला तरी बाबांनी आमचा ठेवला. आजोबांना त्या हिवाळ्यात खोकला होता. कोणी विचारलं की बाबा म्हणायचे, भाव येऊ दे. आजोबा त्या वर्षी होळीपर्यंत राहिले.

मला त्या संध्याकाळी हे सगळं आठवलं, पण मी त्यात फक्त माझं बालपण पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करून सांगितलं, बांधू तुमची कापसाची खोली. वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे, पुरवून टाकावा.

इंजिनिअर मुलीला मी भीत भीत हे सांगितलं, तर ती खूशच झाली. म्हणाली, मॅडम, पुढं प्रत्येक घरात अशी एक जाड भिंतींची गार खोली ठेवावी लागणार आहे, विजेशिवाय माणूस जिथं दुपार काढू शकेल अशी. तिच्या कागदावर तिनं 'थंड खोली' लिहिलं. मिस्त्री तिला स्टोअर म्हणायचा. बाबांनी मात्र उभं राहून ती मातीच्या विटांची करून घेतली, आतून मातीचा गिलावा, वर झरोके. मिस्त्रीनं विचारलं, "काकाजी, लाइटचा बोर्ड कोणत्या भिंतीवर देऊ?" बाबा म्हणाले, "कापसाच्या खोलीत लाइट ठेवतेत का कुठी?" वायर दाराबाहेरच थांबली.

अख्खा उन्हाळा बाबा छत्री घेऊन बांधकामावर येत राहिले, डबा आणि बाटली बरोबर. दसऱ्याच्या आसपास वास्तुशांत झाली. पाहुणे गेल्यावर बाबांनी सगळ्या घरात एक फेरी मारली, प्रत्येक दारातून आत गेले आणि बाहेर आले. मी म्हटलं, आज राहा. आजच्या दिवस तरी. ते म्हणाले, "शेवटची बस चुकन," आणि गेले. मी नव्या ओट्यावर बसून रडले. एवढं सगळं ज्या माणसासाठी बांधलं, त्यानं त्यात पाणीसुद्धा बाटलीतलं प्यायलं होतं.

मग रोज संध्याकाळी फोन सुरू झाला.

"घर कसं हाये?"

"चांगलं हाये."

"थ्या खोलीत काय ठेवलं?"

"काही नाही बाबा. रिकामी हाये."

"रिकामी नोको ठेवू."

रोज हेच. तब्येतीचं विचारलं की विषय तोडायचे आणि खोलीवर यायचे. मी वैतागून एकदा म्हटलं, पलंग टाकते तिथं. ते म्हणाले, "पलंग कायले, ते काय निजाची खोली हाये?"

एका रविवारी दुपारी मी त्या खोलीत नुसती चटई टाकून पडले. बाहेर कार्तिकातलं ऊन चांगलंच कडक होतं, आत मात्र गार. मातीचा वास, वर झरोक्यातून उजेडाची तीच पट्टी. डोळा लागता लागता मला दाराशी कोणीतरी वळकटी सोडत असल्यासारखं वाटलं. आजोबा असावेत. मी त्यांना विचारणार होते चोर येते का म्हणून, आणि त्यांनी मान वळवली तर ते बाबा होते.

मी उठून बसले.  आमच्या घरी कधी चोर आलाच नव्हता. बाबा स्वतः त्या घरात होते, गडी होते, दाराशी कुत्रा होता, मग राखायला माणूस नव्हता म्हणजे काय? एका म्हाताऱ्या बापाला लेकीच्या घरात मान खाली न घालता भाकर खाता यावी, म्हणून बाबांनी वर्षानुवर्षं कापूस घरात ठेवला होता. आणि आता, त्यांची पाळी आल्यावर, ते स्वतःच्या तोंडानं ते कसं मागणार? त्यांनी खोली आखून दिली होती. बांधून घेतली होती. रोज फोन करून विचारत होते. आणि भूगोलाच्या मास्तरणीला समोरचा नकाशा वाचता आला नव्हता.

मी ठेक्याच्या माणसाला फोन लावला. म्हटलं, या वेचणीचा कापूस व्यापाऱ्याला देऊ नको, सगळा माझ्या घरी आणून टाक.  तो म्हणाला, "मॅडम, घरात? सौंसरात?" मी म्हटलं, हौ, घरात.

आठवड्यानं पिकअप गाडी आली. अख्खी गल्ली बघायला जमली. गाठोडी एकामागून एक नव्या फरशीवरून आत गेली, घरभर तंतू उडाले, आणि संध्याकाळपर्यंत खोलीत माझ्या खांद्याला लागेल एवढा कापूस झाला. फक्त दाराशी एका अंथरुणापुरती जागा मी मोकळी ठेवायला लावली. मग फोन केला.

"बाबा, कापूस आणून टाकला घरात. मी दिवसभर शाळेत. राखायले कोणी नाही."

 

"दिवा-बिवा नोको लावजो तिकडं," ते म्हणाले. "मी येतो उद्या."

सकाळच्या बसनं आले. काखेत वळकटी, एका हातात पत्र्याची पेटी. दारातून आत शिरले, थेट खोलीपाशी गेले, मूठभर कापूस घेऊन बोटांनी ओढून बघितला आणि ओला नाही याची खात्री करून घेतली. मग वळकटी सोडली. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. डबा नव्हता, बाटली नव्हती.

"भाकर कधी होते तुह्या घरी?" त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात पळाले, कारण माझे डोळे त्यांना दिसू द्यायचे नव्हते. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या आणि वरण पुन्हा मागून घेतलं.

आता चैत्र संपत आला आहे. बाहेर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, वीज दोन-दोन तास जाते. कोपऱ्यातल्या झाडाला बारकी हिरवी संत्री धरली आहेत. बाबा त्या गार खोलीत, कापसाच्या पायथ्याशी, अंगावर पातळ चादर घेऊन झोपलेले असतात. सगळ्या तालुक्याचा कापूस केव्हाच विकून झाला. परवा व्यापारी स्वतः दारात आला होता, मॅडम, आता तरी काढा म्हणाला. बाबांनी आतून विचारलं, कोण आहे म्हणून. मी सांगितलं.

"काय करतं मंग तू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

मी व्यापाऱ्याला म्हटलं, भाव येऊ द्या.